‘जेव, नाहीतर पोलिसाला बोलावते’

‘मॅडम, पोलिसाचं नाव काढलं की दोन घास जास्त जातात. मग त्यात एवढं वाईट काय?’

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते, नाहीतर आजी. आणि तिचं खोटंही नसतं, दोन घास खरंच जास्त जातात. पण ते कशाच्या बदल्यात जातात, हे ताटाशी बसून कळत नाही. म्हणून एका घराची हकीकत सांगते. त्यांना विचारून सांगतेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

नाशिकच्या सिडकोतलं घर. वडील अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर, आई घरीच फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते, आजी, आणि दुसरीतला मुलगा. माझ्याकडे आले तेव्हा जेवणाबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. रामरथाच्या दिवशी मुलगा हरवला होता, तेव्हापासून तो रात्री दचकून उठत होता, एवढंच.

कामदा एकादशीला काळाराम मंदिरापासून रथ निघतात, पुढे गरुडरथ आणि मागे रामरथ. पंचवटीतल्या त्या गर्दीचं वर्णन नाशिककराला करायला नको. रथ वळणावर आला, माणसं मागे रेटली गेली आणि आजीच्या हातातून नातवाचा हात सुटला. आईने बंदोबस्तावरच्या पोलिसांना सांगितलं, माईकवरून पुकारा झाला. बऱ्याच वेळाने एका रसवाल्याच्या गाड्यामागे, गोणपाटाच्या आडोशाला तो सापडला, तोही रसवाल्यालाच. एक महिला पोलीस त्याआधी दोनदा त्या गाड्यावरून गेली होती. त्याचं नाव घेऊन हाका मारत गेली होती. त्याने त्या हाका ऐकल्या होत्या.

‘मग ओ का नाही दिलीस?’ आईने विचारलं.

‘ती मला न्यायला आली होती. मी सकाळी भाजी टाकली होती ना.’

आईने हे मला सांगितलं तेव्हा शेजारी बसलेले वडील म्हणाले, ‘पोरगं भित्रं आहे. जरा धीट करा त्याला, बाकी काही नाही.’

मी म्हटलं, ते बघू. आधी तुमच्याकडे जेवण कसं होतं ते सांगा.

ते असं होतं. वडिलांचा नियम एकच, ताटात काही टाकायचं नाही. भाजी शेपूची असो की गवारीची, वाढलेलं संपलं पाहिजे. मुलाला आवडतो वरणभात, लोणच्याचा खार, पापड, आणि मिळाली तर मॅगी. वडिलांचं जेवण उरकायच्या आत मुलाचं ताट रिकामं झालं नाही तर त्यांचा आवाज चढतो. तो चढू नये म्हणून आई घाई करते. आणि घाईला उपाय आजीचा, ‘खा पटकन, नाहीतर पोलिसाला बोलावते.’ आजी स्वतःच्या मुलांना झोळीवाल्या बुवाची भीती घालायच्या. झोळीवाला आता कुठे दिसत नाही. पोलिसांची गाडी मात्र रोज सायरन वाजवत घराखालून जाते, तेव्हा नातवासाठी पोलीस.

यातल्या प्रत्येकाला मुलाने जेवावं असंच वाटत होतं. पण आजी आणि आई घाबरत होत्या वडिलांच्या रागाला. म्हणून मी पुढच्या वेळी वडिलांनाच एकटं बोलावलं.

उरलेल्या भाजीचा इतका राग का येतो, असं विचारल्यावर ते आधी महागाईबद्दल बोलले. मग थांबले. मग येवल्याकडच्या त्यांच्या गावाबद्दल बोलायला लागले. त्यांचे वडील लवकर गेले, कोरडवाहू शेती. अकरा वर्षांचे असताना एका नातेवाइकाने त्यांना नाशिकला आणलं आणि स्टँडजवळच्या चहा-नाश्त्याच्या एका हॉटेलात ठेवलं. काम कपबशा विसळायचं. जेवण म्हणजे गिऱ्हाइकांचं झाल्यावर जे उरेल ते. पाव शिळे आणि मिसळीची तर्री संपलेली, खाली नुसता रस्सा. ‘हे आवडतं, ते आवडत नाही असं काही असतं, हेच मला माहीत नव्हतं मॅडम. आणि हा सात वर्षांचा पोरगा मला सांगतो, शेपूला वास येतो!’

मी विचारलं, तिथे कधी पोलीस यायचे?

यायचे. तपासणीला कुणी येतंय असा सुगावा लागला की मालक पोरांना भटारखान्याच्या माळ्यावर चढवायचा. ‘आवाज केलात तर धरून नेतील, रिमांड होममध्ये टाकतील.’ हे तिथे कांद्याच्या गोण्यांमागे बसून राहायचे. आज वय एक्केचाळीस. अजूनही नाक्यावर वर्दी दिसली की हात आधी खिशातल्या लायसन्सकडे जातो, गाडी चालवत नसले तरी. आणि मग त्यांनी जे विचारलं, त्यासाठी मी ही हकीकत लिहायला घेतली. ‘पण मॅडम, मला का नेणार होते ते? मी तर कामच करत होतो.’

तीस वर्षं हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नव्हता. समुपदेशनात आम्ही सहसा उत्तरं देत नाही, समोरच्यालाच ती शोधू देतो. पण काही प्रश्नांना सरळ उत्तर असतं, आणि तिथे ते न देणं म्हणजे उगाच शहाणपणा. मी सांगितलं, तुम्हाला धरायचं काही कारणच नव्हतं. बालमजुरीचा केंद्राचा कायदा १९८६ चा. त्यातल्या बंदीच्या यादीत हॉटेलं, ढाबे, चहाची दुकानं आली ती ऑक्टोबर २००६ मध्ये, म्हणजे तुम्ही तिथून सुटल्यावर कितीतरी वर्षांनी. २०१६ ची दुरुस्ती झाल्यापासून तर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच धंद्यात कामाला ठेवता येत नाही. ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही. पण कायदा तेव्हाचा असो की आताचा, मूल त्यात आरोपी नसतं. त्याला सोडवायचं असतं. मालक पोरांना लपवत होता तो स्वतःची कातडी वाचवायला.

ते बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले. मग थोडे चिडूनच म्हणाले, ‘पण त्याच माणसाने मला जेवू घातलं.’

हेही खरं होतं. त्या कामाने माणूस घडला असं त्यांना वाटतं, आणि ते त्यांच्याकडून काढून घ्यायला मी बसलेले नाही. अशा बालपणाबद्दल राग आणि उपकाराची जाणीव एकाच मनात असतात, त्यातलं एक खरं आणि दुसरं खोटं ठरवायची गरज नसते. प्रश्न एवढाच होता की माळ्यावरची भीती आज सिडकोतल्या ताटाशी का बसलीय.

आता जेवणाचं. सातव्या वर्षी मुलं कमी खातात असं आयांना वाटतं, आणि त्यात तथ्य आहे. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळपास तिप्पट होतं. पुढे मधली काही वर्षं ते वर्षाला दोन-तीन किलोंच्या आसपासच वाढतं. वाढ मंदावली की भूकही एका दिवशी असते, दुसऱ्या दिवशी नसते. अशा वेळी अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी सुचवलेली वाटणी मला उपयोगी वाटते. काय शिजवायचं, किती वाजता आणि कुठे बसून जेवायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, खायचं की नाही, हे मुलाने. आपल्याकडे उलटं चालतं. मेन्यू मूल ठरवतं आणि घास आपण मोजतो.

वडिलांना हे अर्थातच पटलं नाही. ‘म्हणजे रोज भाजी टाकू द्यायची?’ नाही. अन्न टाकायचं नाही ही त्यांची शिकवण चांगली आहे, ती राहू दे. फक्त तिची जागा हलवली. ताट भरण्याआधी विचार करायचा, भरल्यावर जबरदस्ती नाही. भाजीचं पातेलं मध्ये ठेवायचं आणि मुलाने स्वतःच्या हाताने वाढून घ्यायचं, चमचाभर का होईना. हवं तर पुन्हा घ्यायचं. रोजच्या जेवणात त्याच्या आवडीचा एक पदार्थ असणारच, पण त्याच्यासाठी वेगळी मॅगी होणार नाही. नवी चव अंगवळणी पडायला ती आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. आपण तिसऱ्याच वेळी ‘याला आवडतच नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतो. आजींनी शेपूत मुगाची डाळ वाढवली, ती कल्पना त्यांचीच. रविवारच्या मिसळीत मुलगा नुसतं दही आणि पापड खातो, त्यावरून वडिलांचा जीव खालीवर होतो. मी म्हटलं, होऊ दे. (मिसळीच्या बाबतीत मी तटस्थ नाही, पण सात वर्षांच्या मुलाला तर्री आवडलीच पाहिजे असं माझंही म्हणणं नाही.)

एक सांगून ठेवते. वजन उतरत असेल, गिळताना दुखत असेल, खाण्याचे पदार्थ कमी होत होत चार-पाचांवर आले असतील, किंवा मूल माती-खडू खात असेल, तर समुपदेशकाच्या आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा.

राहिले पोलीस. ‘पोलीस चांगले असतात’ असं एकदा सांगून तीन वर्षांची धमकी पुसली जात नाही. पहिली गोष्ट, घरात धमकी बंद. आईने मुलाला स्पष्ट सांगितलं की भाजीसाठी पोलीस कुणाला नेत नाहीत, आजी आणि मी ते खोटं सांगत होतो. मग छोटी कामं. मुंबई नाक्याला आईने वाहतूक पोलिसाला रस्ता विचारायचा, मुलाने फक्त बघायचं. पुढच्या खेपेला आभार मुलाने मानायचे. पहिल्यांदा तो आईच्या ओढणीआडूनच ‘थँक्यू’ म्हणाला. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिवस. त्या आठवड्यात पोलीस ठाण्यांत शाळकरी मुलांना बोलावतात, शस्त्रं दाखवतात, कामकाज समजावतात. यंदा तो शाळेबरोबर गेला, आणि घरी येऊन बिनतारी संचाबद्दलच बोलत राहिला.

गंमत म्हणजे राज्याचे फौजदार ज्या अकादमीत तयार होतात ती याच शहरात, त्र्यंबक रोडला. तरी आमच्या घरांमधला पोलीस अजून झोळीवाल्याच्या जागेवर बसलेला.

वडिलांनी मात्र मला सोडलं नाही. ‘तुम्ही म्हणता विश्वास ठेवा. पण सगळेच विश्वास ठेवण्यासारखे असतात का?’ नसतात, कुठल्याच खात्यात नसतात. म्हणून मी त्यांना विश्वासापेक्षा माहिती ठेवा म्हटलं. पोलीस काय करू शकतात आणि काय नाही, हे ठाऊक असलं की वर्दी बघून पोटात गोळा येत नाही. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. हद्द दुसरी असली तरी गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. पंधरा वर्षांखालच्या मुलाला किंवा कुठल्याही बाईला साक्षीसाठी ठाण्यात या अशी सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी येऊन विचारायचं असतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने कुठल्याही मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, आणि प्रत्येक ठाण्यात मुलांच्या प्रकरणांसाठी एक नेमलेला अधिकारी असतो. हे शेवटचं वाक्य त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं.

मुलाला एवढं कायद्याचं कशाला? त्याला तीनच गोष्टी पाठ करायला दिल्या. आईचा मोबाइल नंबर. चुकलास तर आहेस तिथेच थांब. आणि वर्दीतला पोलीस, दुकानात बसलेला दुकानदार किंवा सोबत मुलं असलेली बाई, यांपैकी कुणाला तरी नाव सांग. कुणी मोठं ‘हे घरी सांगू नकोस’ म्हणालं, मग ते वर्दीत का असेना, तर ते घरी सांगायचंच. फोन हाती असेल तर ११२ किंवा मुलांसाठीचा १०९८. २०२७ च्या सिंहस्थात हीच गर्दी कितीतरी पटींनी असणार आहे, तेव्हा प्रत्येक नाशिककर घराने हे करून ठेवायला हरकत नाही.

मध्ये एक वाद झाला. मे महिन्याच्या सुट्टीत मुलाला निफाडकडच्या मामाकडे पाठवायचं, ‘चार दिवस कांदे वाहिले की अन्नाची किंमत कळेल’ असा वडिलांचा बेत. आई विरोधात. मी म्हटलं, जाऊ दे की. घरच्या शेतीत सुट्टीत हातभार लावायला कायद्याचीही आडकाठी नाही, जोखमीचं काम नसेल तर. उन्हाळ कांदा चाळीत भरताना लहान-मोठा निवडून द्यायला मुलांना मजा येते. फवारणीच्या औषधांजवळ जाऊ द्यायचं नाही, उन्हात बसवायचं नाही, कंटाळला की उठू द्यायचं. ‘उठू द्यायचं?’ वडिलांनी विचारलं. हो. कंटाळा आल्यावर तुम्हाला उठता येत नव्हतं, त्याला येतं, तो मजूर नाही. मामाकडून तो कांद्याची भजी खायला शिकून आला, आणि वडिलांनी भजीला भाजी धरायची की नाही यावर माझं मत मागितलं.

शेपू तो अजून खात नाही. डाळ वेचून खातो. रात्रीचं दचकणं थांबलंय. मागच्या आठवड्यात आईचा फोन आला, जरा ओशाळलेल्या आवाजात. पोलिसाचं नाव घरात कुणी काढत नाही, पण आजी आता म्हणतात, ‘खा, नाहीतर मॅडमला सांगेन.’

मॅडम म्हणजे मी. आजींना गुरुवारी साडेचारला बोलावलंय.