ओल न्हाणीघरात, मग ओटा कशाला फोडायचा?

प्रश्न : आमची मुलुंडची इमारत १९८४ साली बांधलेली आहे. आमच्या न्हाणीघराखालच्या घरात छताला ओल आली आहे. आमचे कंत्राटदार कॅनडातील बांधकाम कंत्राटदार माइक होम्स यांच्या घरदुरुस्तीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे चाहते आहेत. त्यांच्या पद्धतीने न्हाणीघर, स्वयंपाकघराचा ओटा आणि लगतच्या भिंतींचे प्लास्टर सगळे तोडून नव्याने करावे, असे ते म्हणतात. अंदाजपत्रक साडेसहा लाखांचे आहे. गणपतीत आम्ही आठ दिवस कोकणात होतो, तेव्हा पाऊस असूनही ओल बरीच सुकली होती, असे खालचे शेजारी सांगतात. एवढा खर्च गरजेचा आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आज तरी नाही. तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती शेजाऱ्यांनी दिली आहे आणि कंत्राटदारांनी नेमकी तिचीच दखल घेतलेली दिसत नाही. भर पावसात, घर बंद असताना ओल सुकते, त्या अर्थी पाणी बाहेरच्या भिंतीतून येत नसावे. जाताना तुम्ही पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला होता का, हे आठवून पाहा. तो उघडा राहूनही ओल सुकली असेल, तर भिंतीतल्या नळाच्या पाइपांवरचा संशय बराच कमी होतो आणि उरते ते वापराचे पाणी, म्हणजे नहाणी ट्रॅपचा (न्हाणीघरातले पाणी जिथून खाली जाते त्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा, सांडपाण्याचा पाइप किंवा लाद्यांमधल्या फटी. व्हॉल्व्ह बंद असेल, तर प्लंबरकडून जुन्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपांची दाबचाचणी, म्हणजे दाबाने पाणी भरून गळती पाहण्याची चाचणी, आधी करून घ्यावी.

त्यानंतर प्लास्टिकच्या पिशवीत ओली वाळू भरून ती ट्रॅपच्या तोंडात घट्ट बसवा, उंबऱ्याच्या खाली राहील इतके, साधारण इंचभर पाणी साठवा, भिंतीवर पातळीची पेन्सिलीने खूण करा आणि ४८ तास न्हाणीघर वापरू नका. खाली ओल वाढली, तर जमिनीचे वॉटरप्रूफिंग गेले आहे असे समजावे. वाढली नाही, तर पिशवी काढून रंगीत पाणी सोडावे, म्हणजे ट्रॅप आणि पाइप यांची परीक्षा होते. दोष ट्रॅपच्या सांध्यात निघाला, तर तेवढाच भाग उघडून काम भागू शकते.

होम्स यांचा 'होम्स ऑन होम्स' हा कार्यक्रम २००१ मध्ये कॅनडात सुरू झाला. लाद्यांखाली झाकलेले वाईट काम ग्राहकाने पाहिले पाहिजे, हा त्यांचा आग्रह मला मनापासून पटतो. माझा आक्षेप आहे तो सरसकट सगळे उघडून नव्याने करण्याच्या, म्हणूनच महागड्या ठरणाऱ्या पद्धतीला. तिकडची बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची असतात आणि आतल्या भिंती म्हणजे त्यावर स्क्रूने बसवलेले जिप्समचे पातळ तक्ते. ते काढणे सोपे असते आणि ओलीने लाकूड कुजते म्हणून उघडून पाहणे शहाणपणाचेही ठरते. शिवाय अशा कार्यक्रमांत साहित्य पुरवणाऱ्या कंपन्या आणि निर्माते अनेकदा खर्चाचा वाटा उचलतात, त्यामुळे पडद्यावर पाहताना खर्चाची खरी झळ जाणवत नाही.

तुमचे घर विटांचे आणि आरसीसीचे आहे. येथे ब्रेकर चालवला की हादरे स्लॅबपर्यंत पोहोचतात. चाळीस वर्षांच्या स्लॅबमध्ये सळ्यांवरचे काँक्रीट आधीच सुटू लागलेले असेल, तर ठोकाठोकीने ते आणखी सुटते. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार तीस वर्षांवरील इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट (बांधकामाच्या मजबुतीची तपासणी) दर तीन वर्षांनी व्हायला हवे. तो अहवाल सोसायटीकडून मागवून घ्या आणि तोडफोडीपूर्वी सोसायटीची लेखी परवानगीही घ्या.

चाचणीत जमीनच दोषी ठरली, तर न्हाणीघराच्या लाद्या आणि त्याखालचा कोबा काढून वॉटरप्रूफिंग नव्याने करावेच लागेल. तेथे काटकसर करू नका, आणि लाद्या बसवण्यापूर्वी पुन्हा पाणी साठवून पाहा. ओट्याला हात लावण्याचे कोणतेही कारण मात्र तुमच्या पत्रात दिसत नाही. कंत्राटदारांकडून प्रत्येक कामाचा दर वेगळा लिहून घ्या आणि चाचणी होईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.