‘आम्ही ज्यू नाही, तरी चालेल का?’

“ताई, आम्ही हिंदू आहोत. तरी चालेल का?”

न्यू जर्सीतल्या एका ज्यू सेवासंस्थेत मी समुपदेशनाचं काम करते. मराठी माणसाचा फोन आला की हा प्रश्न ठरलेला. त्याच्या पोटात आणखी दोन असतात: तिथे धर्माचं काही ऐकवतील का, आणि इथल्या मराठी मंडळात कुणाला कळेल का? म्हणून एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. त्या घरातल्या बाईला अनघा म्हणू.

अनघाच्या नवऱ्याची नोकरी जाऊन नऊ आठवडे झाले होते. तो रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बेसमेंटमध्ये लॅपटॉपसमोर जाऊन बसायचा. सहा महिन्यांसाठी अलिबागहून आलेल्या आईला त्याने काहीच सांगितलं नव्हतं. घराचा हप्ता चालू, दोन मुलं शाळेत, आणि त्याचं एकच पालुपद, “मी कुणापुढे हात पसरणार नाही.” त्यापायी त्याने बेरोजगारी भत्त्याचा अर्जसुद्धा केला नव्हता. अनघा वाणसामान कमी कमी आणत होती आणि रात्री ताटावर बसताना “आज माझा उपास आहे” म्हणत होती. सासूबाईंनी एकदा विचारलंही, “एवढे उपास कधीपासून धरलेस गं?”

माझ्याकडे ती आली ती झोप येत नाही म्हणून. फॉर्मवर पत्ता, घरात माणसं किती, उत्पन्न किती एवढंच विचारलेलं पाहून तिने कागद उलटून पाहिला. धर्माचा रकाना शोधत होती. तो नसतोच. उत्पन्न विचारतात ते फी ठरवायला; ज्याला जेवढी झेपेल तेवढीच घेतात.

“पण मग ते हे सगळं का करतात?” तिने विचारलं. हा प्रश्न मला रास्त वाटतो, म्हणून मी त्याचं उत्तर घाईत देत नाही. हिब्रूत दानाला ‘त्झेदाका’ म्हणतात. त्या शब्दाचं मूळ न्याय या अर्थाचं आहे, दयेचं नाही. देणारा उपकार करत नसतो, तो जे देणं लागतो ते देत असतो. शेत कापताना कडेचे कोपरे तसेच सोडावेत, गरिबासाठी आणि परक्यासाठी, अशी ‘तोरा’ या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाची आज्ञा आहे. परका हा शब्द तिथे मुद्दाम आलेला आहे. ताल्मुद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात तर ज्यू गरिबांच्या बरोबरीने इतरांच्या गरिबांनाही सांभाळा, त्याने शांतता नांदते, असं सांगितलं आहे. पुढे बाराव्या शतकात मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या लिहून ठेवल्या. सगळ्यात वरची पायरी म्हणजे माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असं उभं करायचं की त्याला मागावंच लागू नये. न्यूयॉर्कची हिब्रू फ्री लोन सोसायटी १८९२ सालापासून बिनव्याजी कर्ज देते आहे, ती याच पायरीवर. आणि ही माणसं स्वतः एकेकाळी रिकाम्या हातांनी या देशात उतरली होती. १८८१ नंतर रशियातल्या हल्ल्यांमुळे ज्यू कुटुंबं लोंढ्याने इथे आली, तेव्हा त्यांना सावरायला अशा कितीतरी संस्था निघाल्या. आज त्यांतल्या बहुतेक कुणाचाही धर्म पाहत नाहीत. माझ्या इथल्या इतक्या वर्षांत मदतीला आलेल्या एकालाही कुणी प्रार्थनेला बसवलेलं मी पाहिलेलं नाही.

त्याच दिवशी मी तिला पँट्रीत, म्हणजे संस्थेच्या मोफत धान्याच्या कोठीत, घेऊन गेले. आधीच बांधलेलं पुडकं कुणी हातात देत नाही; दुकानासारखी गाडी ढकलत आपलं आपण निवडायचं. तूरडाळ नव्हती, मसूर होती. तांदूळ, छोले, राजमा, ओट्स. सगळं कोशर, म्हणजे ज्यूंच्या आहारनियमांत बसणारं. (शाकाहारी वाचकांनी एक लक्षात ठेवावं: पाकिटावर ‘पारेव्ह’ असेल तर त्यात मांसही नसतं आणि दूधही नसतं, पण अंडं किंवा मासा असू शकतो. घटक वाचून घ्या.) अनघाने मसुरीचं एक पाकीट उचललं, परत ठेवलं, पुन्हा उचललं. मी काही बोलले नाही. अशा वेळी “लाजू नका” म्हटलं की माणूस जास्तच लाजतो.

घरी पिशवीवरची हिब्रू अक्षरं सासूबाईंनी पाहिली. अनघाला मग धरवलं नाही, तिने सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “ज्यू म्हणजे आपले इस्रायलीच ना? शनवार तेली?” कोकणातले बेने इस्रायल ज्यू पूर्वी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना हे नाव पडलं. अलिबागच्या इस्रायल आळीत सासूबाईंच्या मैत्रिणी होत्या. अनघाला परकी वाटणारी संस्था त्यांच्या लेखी जुन्या शेजाऱ्यांची होती.

त्या रात्री त्या बेसमेंटमध्ये उतरल्या. लेकाला रागावल्या नाहीत. आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. ते पुण्यात वार लावून जेवून शिकले होते, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या.

पुढच्या आठवड्यात तो आला. नोकरी गेलेल्या माणसाच्या अभिमानाशी मी वाद घालत नाही. बऱ्याचदा त्याला उभं ठेवणारं तेवढंच एक उरलेलं असतं. मी फक्त विचारलं, “आजोबा त्या सात घरांबद्दल कसं बोलायचे?” बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “सातही घरांची आडनावं त्यांना शेवटपर्यंत पाठ होती.” आणि रडला. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा.

नंतर त्याची खरी भीती बाहेर आली: मदत घेतली तर नागरिकत्व अडेल. ग्रीनकार्ड असलेल्याला नागरिकत्वाच्या अर्जात ‘पब्लिक चार्ज’ची, म्हणजे हा माणूस सरकारवर भार होईल का याची, कसोटी लागत नाही. बेरोजगारी भत्ता तर नोकरीतून कमावलेला हक्क आहे, आणि खाजगी संस्थेची पँट्री ही सरकारी मदत नव्हे. तुमच्याकडे ग्रीनकार्ड नसून व्हिसा असेल तर मात्र मैत्रिणीच्या सांगण्यावर विसंबू नका, इमिग्रेशनच्या वकिलालाच विचारा. अनेक ज्यू संस्था त्यासाठीही वाट दाखवतात. त्याने त्या संध्याकाळी अर्ज केला. आधीच्या आठवड्यांचे पैसे गेले ते गेलेच. याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून सांगते: नोकरी गेली की त्याच आठवड्यात अर्ज करा.

आपल्या भागातली ‘ज्यूइश फॅमिली सर्व्हिस’ शोधून फोन करा. शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी करू नका, शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, असतो. काय सांगायचं याची तयारी नको, “घरात अडचण आहे” एवढं पुरतं. मंडळात काही कळत नाही. तुमचं नाव आम्ही बाहेर काढत नाही. वाटेत भेटलात तर तुम्ही ओळख दाखवल्याशिवाय मीही दाखवत नाही.

त्याला अजून कायमची नोकरी लागलेली नाही, सध्या सहा महिन्यांचं कंत्राटी काम आहे. दर गुरुवारी तो आमच्या नोकरी-मार्गदर्शनाच्या गटाला येतो. अनघाचे उपास सुटले.

परत जाण्याआधी अनघाच्या सासूबाई मला भेटायला आल्या. हातात डबा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची. इस्रायल आळीतून लहानपणी त्यांच्या घरी असा मलिदा यायचा. कोशर नियमामुळे बाहेरचं अन्न आत नेता येत नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं. “मग बाहेर बसू की,” त्या म्हणाल्या. पार्किंगच्या कडेला बाक आहे, तिथे बसून आम्ही तो डबा संपवला.