सेन्सर बदलूनही पी०७२० हा बिघाडाचा कोड परत येतोय. गिअरबॉक्स उघडावा का?

नवा सेन्सर बसवला तरी गाडी तापली की तिसऱ्या गिअरमध्ये अडकते, पी०७२० परत येतो आणि आता गिअरबॉक्स उघडायला सांगतायत, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यात उघडू नका.

पी०७२० म्हणजे आउटपुट स्पीड सेन्सरच्या (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटमध्ये बिघाड. सर्किटमध्ये वायर, कनेक्टर, टीसीएम (गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर) सगळंच आलं. कोडमध्ये नाव सेन्सरचं दिसतं म्हणून आपण तोच बदलून मोकळे होतो. मीही झालोय, दोनदा.

स्कॅनरवर इंजिन, इनपुट (गिअरबॉक्समध्ये येणारा शाफ्ट) आणि आउटपुट या तिन्हींच्या आरपीएमचा ग्राफ लावा. स्कॅनर शेजारच्याच्या हातात द्या आणि गाडी तापेपर्यंत चालवा. ब्रेक न लावता एकसारख्या वेगात असताना आउटपुट १८०० वरून क्षणात शून्यावर येऊन पुन्हा १८०० वर गेला, तर दुखणं विजेचं. चाकं खरंच तशी थांबली असती तर स्कॅनर बघायची गरजच पडली नसती! उलट, गिअर तोच असताना आउटपुटची रेघ सरळ आणि इंजिन-इनपुट दोन्ही वर पळाले, तर आत क्लच घसरतोय.

तुमचं लक्षण तापल्यावरचं आहे, म्हणून माझा संशय वायरिंगवर. चावी बंद, टीसीएम आणि सेन्सर दोन्हीकडचे कनेक्टर काढा, मल्टीमीटर लावा आणि वायर हलवत प्रत्येक तार तपासा. हे गरम असतानाच करा. थंड झाल्यावर सगळं ठणठणीत दिसतं. माझ्या गाडीत क्लॅम्पखालची वायर वरून धड होती, पण हलकेच ओढली तर रबरासारखी ताणली गेली. आतलं तांबं तुटलेलं, नुसतं प्लास्टिक शाबूत. कनेक्टरच्या पिनाही बघा: सैल झाल्यात का, आत तेल झिरपलंय का.

सेन्सर तीन तारांचा असेल तर तो बहुतेक हॉल प्रकारचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला. त्याचे ओहम मोजून काही कळत नाही. सप्लाय आणि अर्थिंग बरोबर येतंय का ते बघायचं. दोन तारांचा असेल तर आधी वायरिंग डायग्राम बघा, कारण त्यात कॉइलवालेही असतात आणि हॉलवालेही. ओहम मोजायचे ते फक्त कॉइलवाल्याचे.

जुना सेन्सर अजून फेकला नसेल तर त्याचं टोक बोटाने पुसून बघा. राखाडी, मऊ चिखल असेल तर घाबरू नका. चमकणारा कीस लागला, तर मात्र ते गिअरबॉक्स उघडायला सांगतात ते खरं असू शकतं.