दहा हजारांत मायलेकींसाठी एकच माउंटन सायकल घ्यायचीय, 'लेडीज'च हवी का?

ताई, तुमची मुलगी तेरा वर्षांची, उंची चार फूट अकरा, तुम्ही पाच दोन, राहायला ठाण्यात घोडबंदर रोडला, बजेट दहा हजार. आणि दुकानदार म्हणतोय लेडीज मॉडेल संपलंय, जेन्ट्सचंच न्या, चालतं. तर हो, जेन्ट्सची चालते. फक्त तो जी गळ्यात मारतोय ती नको, कारण बहुतेक त्याच्याकडे १८ इंचाची, म्हणजे तुम्हा दोघींना मोठी फ्रेम पडून असणार.

मी नेरूळची. सिडकोची जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. हे आधी सांगतेय कारण माझी पहिली सायकल इथेच फसली. ऑनलाइन फोटो बघून मागवली, पुढे शॉकर, मागे शॉकर, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, २१ गिअर, जाडजूड टायर, म्हणजे बघूनच वाटावं की उद्या लडाखला निघाली बाई, आणि किंमत साडेनऊ हजार. खोक्यातून अर्धी जोडलेली आली, बाकीची नवऱ्याने पाना घेऊन जोडली (पेडल उलटसुलट लावले, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे तेव्हा कळलं). रद्दीवाल्याच्या काट्यावर टांगली तर १८ किलो. रोज तीन मजले १८ किलो! महिनाभराने ती खाली पार्किंगमध्ये राहिली ती राहिलीच, पावसाळ्यात खाडीच्या हवेने चेन लाल झाली आणि शेवटी सोसायटीच्या 'बेवारस सायकली उचला'वाल्या नोटीशीत तिचा नंबर लागला.

त्यातून शिकले ते असं. सायकलवर '२६' लिहिलेलं असतं तो चाकाचा आकार. तुम्हाला बसतेय की नाही हे ठरतं फ्रेमवरून, म्हणजे पेडलच्या मधल्या ॲक्सलपासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर. स्वस्तातल्या २६च्या सायकलींना सर्रास १७-१८ इंचाची फ्रेम येते आणि आपल्यासारख्या पाच फुटाच्या आसपासच्या बायकांना लागते १४ ते १६. दुकानदाराला "फ्रेम किती इंच?" असं विचारा, तो "मॅडम, सगळ्यांना बसते" म्हणाला तर टेप मागा. २४ चाकाच्या भानगडीत मुलीसाठी पडू नका, आत्ता छान बसेल पण तुम्हाला ती खेळण्यातली वाटेल आणि वर्षभरात तिलाही. २६ चाक, १५ इंच फ्रेम, तुम्हा दोघींचं भागेल.

घरी एक करा. मुलीला बूट घालून भिंतीला पाठ लावून उभं करा, दोन पायांच्या मधे एक जाड पुस्तक सीटसारखं वर घट्ट धरायला सांगा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. सायकलचा आडवा दांडा या मापापेक्षा निदान दोन इंच खाली हवा, म्हणजे सिग्नलला पटकन उतरावं लागलं तर दांडा लागत नाही. दुकानात पण दांडा दोन पायांच्या मधे घेऊन, दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकवून उभं राहूनच बघायचं. सीटवर बसून पाय टेकतात का हे बघतात सगळे, ते चुकीचं, कारण सीट नीट उंचीला असेल तर बसल्यावर टाचा टेकतच नाहीत. नीट उंची म्हणजे टाच पेडलवर ठेवून पेडल खाली नेलं की गुडघा सरळ होतो ती. सीट खाली ठेवून चालवली की महिन्यात गुडघे बोलायला लागतात आणि मग दोष सायकलला.

लेडीज फ्रेमचा फायदा एवढाच की दांडा तिरका खाली उतरलेला असतो, कुर्ता असला तरी पाय सहज टाकता येतो. पूर्वी परकर-साडीसाठी सोय होती ती. आमच्या वेळी शाळेत सगळ्या मुलींकडे लेडीबर्ड असायची ती त्यामुळेच. मिळाली तर घ्या, पण नुसता गुलाबी रंग आणि फुलांचं स्टिकर म्हणजे लेडीज नाही हे लक्षात ठेवा. मला तर ब्रेकची मूठ जास्त महत्त्वाची वाटते. मुलीचा हात लहान असतो, बोटं लिव्हरपर्यंत नीट पोचत नाहीत आणि मग ती ऐनवेळी अर्धवट दाबते. बऱ्याच लिव्हरला आतल्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो पिळला की लिव्हर हँडलच्या जवळ येते. दुकानात कुणी आपणहून करून देत नाही, सांगावं लागतं.

शॉकर. मागचा अजिबात नको. या किमतीत ती नुसती स्प्रिंग असते, पेडल मारलं की सायकल बेडकासारखी खालीवर होते आणि तुमचा अर्धा जोर तिच्यातच जातो. पुढचासुद्धा नसला तर उत्तम, साधा सरळ फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि जाड टायर पुरतात, घोडबंदरच्या सर्व्हिस रोडच्या खड्ड्यांनासुद्धा, आणि वजन चांगलं कमी होतं. ब्रेक साधे, चाकाच्या रिमला रबर दाबून थांबवणारे, ज्याला दुकानात पॉवर ब्रेक म्हणतात ते. स्वस्त डिस्क जरा वाकली की सतत खर्र खर्र करत घासते, पॉवर ब्रेक कोणताही कोपऱ्यावरचा पंक्चरवाला दहा मिनिटांत लावून देतो. पावसात रिम ओली असते तेव्हा थोडं आधीपासून हलकं दाबत यायचं, एवढंच.

गिअर हवेत का हे तुम्ही कुठे जाणार त्यावर. नुसतं उपवन तलावापर्यंत आणि परत, तर बिनगिअरची चालेल आणि पैसेही वाचतील. पण मुलगी मैत्रिणींबरोबर येऊरच्या डोंगरावर जाणार असेल, आणि ती जाणारच, तर गेटपासून वर चढ आहे, तिथे गिअर पाहिजेत. मी बेलापूरचा पारसिक हिल गिअर नसलेल्या सायकलवर एकदा चढले, म्हणजे अर्धा ढकलत. २१ म्हणजे पुढे ३, मागे ७, चढाला पुढचं लहान आणि मागचं मोठं. शिमानो कंपनीचा टूर्नी नावाचा गिअर सेट असला तर बघा, सगळ्यात खालचा आहे पण सुटे भाग सगळीकडे मिळतात.

दहा हजारांत नवी गिअरवाली काठावरच बसेल. सायकलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२चा ५ टक्के झालाय, तर पक्कं बिल मागा आणि त्यावर फ्रेम नंबर लिहून घ्या (सायकल उलटी केली की पेडलच्या ॲक्सलखाली कोरलेला असतो), चोरी झाली तर तक्रारीला तोच लागतो. नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, पोरं उंच झाली की सायकली धूळ खात असतात. माझी आत्ताची अशीच साडेतीन हजाराला मिळालीय, वर बाराशे टायर-ट्यूब, केबल आणि रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा काढायला. घेताना पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, हँडलपाशी टकटक लागली तर बेअरिंग बघा, आणि पेडलचा दांडा आडवा हलवा, तो डुगडुगला तर पैसे कमी करा.

दोघींनी वापरायची म्हणजे सीटला पान्याशिवाय उघडणारा खटका हवाच. सीटच्या नळीवर नेलपॉलिशने दोन खुणा करा, एक तुमची एक तिची, आणि नळीवर जी कमाल उंचीची रेघ असते तिच्यापुढे ओढू नका. आमच्याकडे लेकीची खूण गेल्या दिवाळीत माझ्या वर गेली.