मारुतचं किट मिळत का नाही?

प्रश्न : मी आणि मुलगा मिळून १/७२ स्केलची, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी, मॉडेल विमानं जोडून बनवतो. ब्रिटनच्या स्पिटफायर या लढाऊ विमानाची किट हवी तेवढी मिळतात, पण भारतात बनलेल्या आपल्या एचएफ-२४ मारुत या लढाऊ जेटचं दुकानात कधीच दिसलं नाही. बाहेरून रेझिनचं मागवायचं तर किंमत ऐकूनच गप्प बसलो. असं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : हे दुखणं माझंही आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. विमान किती भारी होतं यावर किटची किंमत ठरत नाही, एका साच्यातून किती डबे खपतील यावर ठरते. प्लॅस्टिक स्वस्त असतं हो, महाग असतो तो स्टीलचा साचा, त्याचा खर्च लाखांत जातो आणि पहिला डबा विकायच्या आधीच करावा लागतो. स्पिटफायर वीस हजारांवर बनली, कितीतरी देशांनी वापरली, म्हणजे साचा तोच ठेवायचा, डिकॅल (विमानावर चिकटवायची चिन्हं आणि आकडे) आणि डब्यावरचं चित्र बदलायचं की नवीन किट तयार. मारुत बनली एकूण १४७ आणि वापरली फक्त आपल्या हवाई दलानं. कंपनीवाला हिशोब करतो आणि पुढे जातो.

मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. मारुतचे डिझायनर कुर्ट टँक, म्हणजे ज्यांनी जर्मनीत दुसऱ्या महायुद्धातलं फोके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान केलं तेच. त्या १९० ची किट तामिया, हासेगावा, रेव्हेल, एअरफिक्स, एडुआर्ड या सगळ्या किट कंपन्यांनी काढली आणि त्याच माणसाचं मारुत यांच्यापैकी एकानंही नाही! १७ जून १९६१ ला बेंगळुरूत उडालेलं विमान, १९७१ ला लोंगेवालाच्या लढाईत होतं, आणि आपल्या पोरांना ते हातानं जोडता येत नाही.

आपली विमानं किटमध्ये येतात ती बहुतेक दुसऱ्याच्या दारातून. मिग-२१ पन्नासहून जास्त देशांनी उडवलं म्हणून आपल्यालाही मिळतं. नॅट या छोट्या ब्रिटिश जेटचं बघा, एअरफिक्सचं किट किती वर्षं मिळतंय, पण ते दोन सीटचं ट्रेनर, कारण ब्रिटनच्या रेड ॲरोज या हवाई कसरती करणाऱ्या पथकाकडे ते होतं. आपलं लढाऊ नॅट एका सीटचं, ट्रेनरचे पंखसुद्धा मोठे, त्यामुळे नुसती मागची सीट बुजवून परमवीर चक्र विजेते वैमानिक निर्मलजितसिंग सेखोंचं नॅट होत नाही, मी करून बघितलंय, शेवटी कपाटात ठेवून दिलं. एका सीटचं नॅट आणि त्यावरून भारतात केलेलं आपलं अजीत पुढे स्पेशल हॉबी या चेक कंपनीनं काढलं, ही छोटी कंपनी, कमी डब्यांसाठीचे साचे करते, म्हणून किंमत जास्त आणि भाग थोडे घासून बसवावे लागतात. तरी घ्या म्हणेन.

आता रेझिन एवढं महाग का, तर तिथे स्टील नसतंच, सिलिकॉनचा रबरासारखा साचा असतो, त्यात एकजण हातानं रेझिन ओततो, घट्ट झालं की काढतो, परत ओततो. काही डझन वेळा ओतलं की रबर कडेनं फाटायला लागतं, मग नवीन साचा. म्हणजे तुम्ही पैसे देताय ते त्या माणसाच्या वेळेचे, आणि वर पोस्ट आणि कस्टम ड्युटी. मी पहिलं रेझिन किट उघडलं तेव्हा नाकाच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा होता, पंखाला जाड ठोकळा चिकटलेला, तो बारीक करवतीनं कापायला अख्खी संध्याकाळ गेली. पुट्टी लावून बुडबुडा बुजला पण.

तुम्ही मागवणार असाल तर विकणाऱ्याला आधी सुट्या भागांचे फोटो मागा, नुसता डब्याचा फोटो बघून पैसे पाठवू नका. कॉकपिटची काच पारदर्शक आहे का आणि डिकॅल सोबत आहेत का तेही विचारा, डिकॅल पिवळे पडले असतील तर वेगळे घ्यावे लागतील. रेझिन घासताना पाणी लावूनच घासा आणि दोघांनीही मास्क घाला, ती पावडर छातीत जाऊ देऊ नका. आणि सुरुवात करायच्या आधी मुलाला घेऊन बेंगळुरूला एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या म्युझियममध्ये जाऊन या, तिथे खरं मारुत उभं आहे, खाली वाकून चाकांच्या खोबणीचे फोटो काढा, रंगवताना तेच लागतात.