शेरीचा शिराझशी काडीचाही संबंध नाही

प्रश्न असा आलाय: नाशिकला वायनरीच्या टूरवर गाइडने सांगितलं की 'शेरी' हा शब्द इराणच्या शिराझवरून आला, अरबांनी तिथली वेल स्पेनला नेली म्हणे, हे खरं का? आणि कुठल्याही गोड वाइनला शेरी म्हटलेलं चालतं का?

नाही आणि नाही. ही शिराझची थाप इतक्या वेळा ऐकलीय की आता कान किटले. शेरी म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या हेरेस दे ला फ्रोन्तेरा या गावची वाइन, संपला विषय. 711 मध्ये मूर लोक (उत्तर आफ्रिकेतून आलेले मुसलमान) आले, ते या गावाला शरीश म्हणायचे. इद्रिसी नावाच्या भूगोलकाराने 1154 मध्ये सिसिलीच्या राजासाठी जगाचा नकाशा केला, त्यातही हे गाव आहे. अरबीत शरीशच्या शेवटी शीन (श) येतो आणि शिराझच्या शेवटी झे (झ), म्हणजे ज्यांनी ही नावं लिहिली त्यांचा कधी गोंधळ झाला नाही, आपलाच होतोय. नाशिकला जी शिराझ द्राक्षं लावतात तीसुद्धा इराणची नव्हेत, डीएनए तपासणीत तिचे आईबाप दोघंही फ्रान्सचे निघाले. जुने इंग्रज व्युत्पत्तिकार तर याहून पुढचे, त्यांनी हेरेसचं नाव थेट सीझरपर्यंत नेलं. पुरावा काय, तर दोन्हीत 'स' आहे! असल्या हिशोबाने सासवडही सीझरचंच म्हणायचं.

आता खरी गंमत. 1264 मध्ये दहावा अल्फोन्सो या ख्रिस्ती राजाने गाव जिंकलं (नावातलं 'फ्रोन्तेरा' म्हणजे सरहद्द, पलीकडे मूरांचं राज्य होतं ना), तेव्हा स्पॅनिश लोक शरीश हे नाव एक्स घालून लिहायला लागले आणि त्या काळच्या स्पॅनिशमध्ये एक्सचा उच्चार 'श' होता, म्हणजे गावाचं नाव शेरेससारखं ऐकू यायचं. इंग्रजांनी तेच उचललं, शेरिस. ड्रेक या इंग्रज दर्यावर्द्याने 1587 मध्ये स्पेनच्या कादिझ बंदरावर धाड घालून शेरीची सुमारे 2900 पिंपं पळवली तेव्हापासून तर लंडनला चटकच लागली, शेक्सपिअरच्या नाटकातला फॉल्स्टाफ 'शेरिस'चं भाषणभर कौतुक करतो. पुढे स्पेनमध्ये तो 'श' घशात उतरून 'ख'-'ह' झाला आणि गाव झालं हेरेस. म्हणजे गावकरी स्वतःचा जुना उच्चार विसरले आणि तो जपून ठेवला कोणी, तर गिऱ्हाइकांनी.

गोव्याच्या लोकांना हे सांगायलाच नको, पोर्तुगीजमध्ये एक्स म्हणजे 'श' अजून चालू आहे, शेल्डे गावाचं रोमन स्पेलिंग एक्सपासूनच सुरू होतं. पोर्तुगीज लोक शेरीला आजही शेरेश म्हणतात.

मग शेरिसची शेरी कशी झाली? इंग्रजांना वाटलं शेवटचा 'स' अनेकवचनाचा आहे, म्हणून एक शेरी, अनेक शेरिस! चेरीचंही असंच झालं, मूळ शब्दातला 'स' एकवचनातलाच होता, तो उडवला. आणि आपण नेमकं उलटं केलं. इंग्रजी 'मॅचेस'चं अनेकवचन जसंच्या तसं उचलून एकाच पेटीला 'माचिस' म्हणायला लागलो. माझं तर ठाम मत आहे की भाषेतले निम्मे शब्द असे ऐकण्यातल्या घोटाळ्यातूनच जन्मतात. विद्वान लोक नाकं मुरडतात, मुरडू देत, त्यांना प्रत्येक शब्दामागे एक संस्कृत धातू लागतो.

पटत नसेल तर अस्सल बाटलीचं लेबल बघा. त्यावर 'हेरेस', 'झेरेस', 'शेरी' अशी एकाच गावाची तीन नावं ओळीने छापलेली असतात, स्पॅनिश, फ्रेंच आणि इंग्रजी. आणि हेरेस, सानलुकार, एल पुएर्तो आणि आसपासची ठरलेली गावं सोडून बाहेरच्या वाइनला युरोपात 1996 पासून शेरी म्हणताच येत नाही, त्याआधी 'ब्रिटिश शेरी' वगैरे सर्रास विकली जायची.

गोडाबद्दल विचारलं होतं ना. बहुतेक अस्सल शेरी कोरडी ठणठणीत असते. तिथल्या पांढऱ्या चुनखडीच्या मातीला आल्बारिसा म्हणतात, त्यात पालोमिनो द्राक्षं लावतात. फिनो प्रकारात पिंप पूर्ण न भरता वर जागा सोडतात, मग वाइनवर यीस्टची साय धरते, तिला फ्लोर म्हणजे फूल म्हणतात, ती हवा आत जाऊ देत नाही आणि उरलीसुरली साखरही खाऊन टाकते. पिंपांची उतरंड असते, सगळ्यात खालच्या पिंपातून थोडीच काढायची, तेवढीच वरच्यातून भरायची, त्यामुळे एका ग्लासात नवी-जुनी कितीतरी वर्षं मिसळलेली असतात आणि लेबलवर बहुधा साल नसतं. गोडच हवी असेल तर 'पेद्रो हिमेनेस' लिहिलेली बाटली घ्या. या नावाची द्राक्षं उन्हात सुकवून मग पिळतात, वाइन काळी, काकवीसारखी दाट होते. आणि स्पेलिंग नीट बघा, हिमेनेसचं पहिलं अक्षर एक्सच आहे, म्हणजे हे बुवाही मुळात शिमेनेस!