शहराचं विकास मंडळ काढताय? मग आधी जेटीवर आणि बाजारात जा

प्रश्न (रत्नागिरी): व्यापारी, हॉटेलवाले आणि नगरपरिषद मिळून शहराच्या आर्थिक विकासासाठी एक संस्था काढायचं चाललंय. लोकांची मीटिंग लावली तर आले ते सगळे ओळखीचेच. लोकांना इंटरेस्टच नाही की काय?

इंटरेस्ट असतो हो, वेळ नसतो. मीटिंग कधी होती ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण अशा मीटिंगा बहुतेक सकाळी अकराला सभागृहात असतात आणि त्याच वेळी मच्छीवाल्या बायका लिलावातला माल घेऊन बाजारात बसलेल्या असतात, उठल्या तर माल खराब होतो आणि दिवस बुडतो. एप्रिल-मेमध्ये बागायतदाराला आंबा काढणी आणि पेट्या भरण्यातून मान वर करायला फुरसत नसते. उलट 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, तेव्हा मिरकरवाड्याला जा, जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं तासभर सुद्धा बोलतील. आणि प्लीज, ‘तुम्हाला कसा विकास हवा’ असं विचारू नका, त्याला काय उत्तर देणार कोणी? बर्फ कुठून आणता, कितीला पडतो, संध्याकाळी माल उरला तर काय करता, बाजारात बायकांना बाथरूमला जायचं तर कुठे जातात, असं विचारा. या चार उत्तरांतून तुमच्या संस्थेची पहिल्या वर्षाची कामं निघतील. जे ऐकलंत ते तिथेच मोठ्या कागदावर लिहा आणि वाचून दाखवा, म्हणजे आपण बोललो ते नोंदलं गेलं हे त्यांना दिसेल. माझ्या मते यातच निम्मं काम होतं.

प्रश्न (मालवण): आमच्याकडे अशाच संस्थेच्या नियमावलीचा मसुदा तयार झालाय, आता लोकांकडून हरकती-सूचना मागवू म्हणतायत. तेवढं पुरे आहे का?

नाही. हरकती मागवतात तोवर मुख्य गोष्टी ठरून गेलेल्या असतात, मग लोक फक्त ‘नको’ म्हणू शकतात. खरं काम नियमावली लिहिताना असतं: उद्देश काय, सभासद फी किती, कार्यकारिणीत कोणाच्या किती जागा. फी पाच हजार ठेवलीत तर खानावळवाली ताई आणि होडीवाला बाहेरच राहणार, मग तुम्ही कितीही हरकती मागवा. 2014 चा पथविक्रेता कायदा बघा, नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी आपल्यातूनच निवडून द्यायचे आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका हव्यात असं त्यात स्पष्ट लिहिलंय. कायद्याने फेरीवाल्यांसाठी मान्य केलं ते आपल्या शहराच्या संस्थेला करायला काय हरकत आहे? बचत गटांचे वस्तीस्तर संघ आणि शहरस्तर संघ असतील तर त्यांनाच प्रतिनिधी पाठवायला सांगा, आपण आपल्या मर्जीतली ‘महिला प्रतिनिधी’ निवडू नका.

प्रश्न (वेंगुर्ल्याचे चाकरमानी, मुक्काम मुंबई): आमचं घर तिथे, आम्हालाही मत हवं ना?

तुमचं ऐकून घ्यायलाच हवं, गणपतीत एक बैठक खास त्यासाठी लावावी, मार्केटिंग, हिशेब, वकिली यातली तुमची मदत तर सोन्यासारखी. पण मतदान, माझं स्पष्ट मत, बारा महिने तिथे राहून पोट भरणाऱ्यांचं.

प्रश्न (चिपळूण): नगरपरिषद आहे, जिल्हा नियोजन समिती आहे, मग आणखी एक संस्था कशाला?

प्रश्न अगदी रास्त आहे. जिल्हा नियोजन समितीत घटनेप्रमाणे चार पंचमांश सदस्य निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींमधून येतात, पण ती अख्ख्या जिल्ह्याचं बघते, तुमच्या बाजारपेठेतल्या गटाराचा विषय तिथपर्यंत पोचत नाही. वॉर्ड समित्या बंधनकारक आहेत त्या 3 लाख आणि त्यावर लोकसंख्येच्या शहरांना. 2011 ला रत्नागिरी शहरच 76 हजारांच्या आसपास होतं, म्हणजे आपल्या गावांत व्यापारी, रिक्षावाले, बचत गट एकत्र बसतील असं कायद्याने दिलेलं टेबलच नाही. 22 जुलै 2021 च्या पुरात पाणी कुठल्या गल्लीतून आधी शिरलं, कुठला माल वाचवता आला असता, हे त्या गल्लीतल्या दुकानदाराला आणि हमालाला जेवढं माहिती आहे तेवढं कुठल्याही रिपोर्टात सापडणार नाही, आणि बाजारपेठेचं पुढचं प्लॅनिंग त्यांना सोडून होत असेल तर मला ते धोक्याचं वाटतं.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. संस्थेने सुचवायचं, पाठपुरावा करायचा, निर्णय निवडून आलेल्यांनीच घ्यायचा. आणि पुण्यात महापालिका नागरिकांकडून बजेटसाठी कामं मागवते तसं तुमच्या नगरपरिषदेकडेही मागा, बजेट सभेपुढे जायच्या आधी, म्हणजे डिसेंबरातच यादी देऊन पोच घ्या. कुठलं काम घेतलं, कुठलं नाही आणि का नाही, ते प्रोसिडिंग बुकात लिहून त्याची झेरॉक्स मच्छी मार्केट आणि एसटी स्टँडवर लावा.